सतरा सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी

सतरा सप्टेंबर हा मराठवाड्याच्या झेंडावंदनाचा दिवस. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने माघार जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली. आम्हा अंबाजोगाईकरांना या तारखांचे अप्रूप जरा जास्तच. ज्यांनी हा लढा उभा केला ते स्वामी रामानंद तीर्थ आमच्या योगेश्वरी नूतन विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. शिवाय हे गाव मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई, तेव्हा इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. फौज, घोडे आणि लढाई यांच्या गोष्टी आमच्याकडे घराघरांत आहेत.

माझ्या घरातली गोष्ट मामांची. मामा फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. एकाहत्तरच्या लढाईनंतर काही वर्षांनी ते गावी परतले आणि त्यांनी एक जुनी येझदी घेतली. सतरा सप्टेंबरचे झेंडावंदन आटोपले की दुपारी गावच्या शाळेच्या मैदानावर हळू मोटारसायकल चालवण्याची शर्यत असे. फक्कीने आखलेला पट्टा, पाय जमिनीला टेकला की बाद आणि जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला. मामा अर्ध्या क्लचवर, मागच्या ब्रेकवर हलकेच पाय ठेवून गाडी अशी काही रेंगाळत ठेवायचे की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. सारे गाव त्यांच्या नावाने ओरडायचे. बक्षीस स्टीलचा तांब्या. हे कशासाठी करता, असे विचारले की म्हणायचे, "हौस हाय बाबा, दुसरं काय!" लढाईविषयी विचारले की उठून गाडी पुसायला लागायचे.

मामा गेल्यावर मला एका प्रश्नाने घेरले. लढाईतून परतलेला माणूस यंत्राच्या खेळात एवढा का रमतो? त्या शोधात मी पुष्कळ वाचले आणि एका माणसापाशी थांबलो. त्याचे नाव टोनी गेझ. त्याच्या एका कल्पनेतून इंग्लंडमध्ये एक शर्यतीचा मार्ग उभा राहिला. तो खुला झाला १८ सप्टेंबर १९४८ रोजी. म्हणजे इकडे अल इद्रूस शरण आले, त्याच दिवशी.

गेझचा जन्म ३ फेब्रुवारी १९२० चा, मेलबर्नचा. धाडस त्याला वारशातच मिळाले होते. वडील अर्व्हिन गेझ हे शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेतील रॉस समुद्राकडच्या तुकडीत होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा टोनी केंब्रिजमध्ये शिकत होता. तो ब्रिटिश हवाई दलात भरती झाला, पाठोपाठ धाकटा भाऊ स्कॉटही. दोघे ६१० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये एकत्र उडत. मार्च १९४१ मध्ये स्कॉट मारला गेला. टोनी उडत राहिला. त्याच वर्षी त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला आणि पुढे याच पदकाचे दोन बार. १९४३ च्या सप्टेंबरात त्याचे स्पिटफायर फ्रान्समध्ये पडले. फ्रेंच भूमिगतांच्या मदतीने, पिरनीज पर्वत पायी ओलांडून, स्पेनमार्गे तो परत आला आणि पुन्हा विमानात बसला. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याने जर्मनांचे मेसरश्मिट २६२ हे जेट विमान पाडले. पंख्याच्या विमानाने जेट पाडणे म्हणजे बैलगाडीने मोटार गाठण्यासारखे.

पण या लेखाचा विषय त्याची लढाई नाही. लढाई संपल्यावर त्याने काय केले, हा आहे.

युद्धकाळात गेझ जिथून उडत असे ते वेस्टहॅम्प्नेट हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळचे छोटे विमानतळ. डग्लस बेडर हा दोन्ही पाय गमावलेला प्रसिद्ध वैमानिक ऑगस्ट १९४१ मध्ये शत्रूच्या हाती लागला, तोही इथूनच उडालेला होता. इथली धावपट्टी गवताची होती. मात्र मैदानाच्या कडेने एक डांबरी रस्ता फिरवलेला होता. शत्रूच्या एका बॉम्बने सगळी विमाने नष्ट होऊ नयेत म्हणून ती एका ठिकाणी उभी न करता कडेकडेने पांगवून ठेवत. त्या विमानांना धावपट्टीपर्यंत आणण्यासाठी हा रस्ता. विमानाचे पंख पसरट, म्हणून रस्ताही ऐसपैस. आणि मैदानाला वळसा घालणारा असल्याने सुरुवातीला येऊन मिळणारा. मोकळ्या वेळी तरुण वैमानिक आपापल्या मोटारी त्यावर पिटाळत.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये मोटारशर्यतींना जागाच उरली नव्हती. मुख्य भूमीवर सार्वजनिक रस्त्यांवर शर्यत लावायला कायद्याने बंदी. ब्रुकलँड्सचा जुना मार्ग युद्धात विमान कारखान्याच्या कामी आला आणि १९४६ मध्ये विकला गेला. डॉनिंग्टनला लष्कराने आपल्या वाहनांचे कोठार केले होते. पेट्रोलवर तर १९५० पर्यंत नियंत्रण होते. अशा दिवसांत गेझने ड्यूक ऑफ रिचमंडला सहज विचारले की, वेस्टहॅम्प्नेटला शर्यत कधी घ्यायची? विमानतळाची जमीन ड्यूकच्या गुडवूड इस्टेटीतली आणि ड्यूक स्वतः तरुणपणी ब्रुकलँड्सवर गाडी पळवलेला. त्याच्या डोक्यात ठिणगी पडली. तो कडेचा रस्ता, सुमारे पावणेचार किलोमीटरचा, हाच शर्यतीचा मार्ग झाला.

१८ सप्टेंबर १९४८ च्या त्या पहिल्या दिवशी ५०० सी.सी. गाड्यांची शर्यत एका पोराने जिंकली. आदल्याच दिवशी, सतरा सप्टेंबरला, त्याने एकोणिसावे वर्ष पूर्ण केले होते. त्याचे नाव स्टर्लिंग मॉस. पुढे तो जगातील थोर शर्यतपटूंत गणला गेला आणि १९६२ मध्ये याच गुडवूडवर झालेल्या भीषण अपघाताने त्याची कारकीर्द संपली.

हे एकट्या गुडवूडचे नाही. सिल्व्हरस्टोन हेही युद्धकाळातले विमानतळ. तिथे बॉम्बफेकी वेलिंग्टन विमानांवर शिक्षण दिले जाई आणि तिथेच १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत झाली. न्यूझीलंडमधले आर्डमोर तसेच. आपल्याकडे चेन्नईजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर दक्षिणेतल्या हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे शर्यती घेतल्या. भारतीय मोटारशर्यतीची एक अख्खी पिढी त्या धावपट्टीवर घडली. युद्धाने माणसे मारण्यासाठी ओतलेल्या डांबरावर माणसे पुढे खेळली.

गेझ स्वतः मोठा विजेता नव्हता. १९५२ मध्ये बेल्जियन ग्रां प्रीमध्ये तो उतरला आणि जागतिक स्पर्धेच्या शर्यतीत भाग घेणारा पहिला ऑस्ट्रेलियन ठरला. क्रमांक आला पंधरावा. जागतिक स्पर्धेत त्याच्या नावावर एकही गुण नाही. १९५३ च्या माँटे कार्लो रॅलीत तो, लेक्स डेव्हिसन आणि स्टॅन जोन्स असे तिघे मित्र होल्डन ही ऑस्ट्रेलियन घरगुती गाडी घेऊन गेले आणि चौसष्टावे आले. (या स्टॅनचा मुलगा ॲलन जोन्स १९८० मध्ये जगज्जेता झाला.) १९५५ मध्ये फ्रान्समधल्या येर इथल्या बारा तासांच्या शर्यतीत तो आणि डेव्हिड मॅके यांची ॲस्टन मार्टिन दुसरी आली. मोटारीतून उतरला तो ग्लायडरमध्ये बसला आणि १९६० च्या जागतिक ग्लायडिंग स्पर्धेत उडाला.

याला मराठीत नेमका शब्द आहे, हौशी. आपण हौशी नाटक म्हणतो तेव्हा त्यात थोडी सवलत दडलेली असते. पदरमोड करून केलेले, म्हणून चुका पोटात घालायच्या. पण हौशी माणसाकडे एक गोष्ट असते ती धंदेवाईकाकडे क्वचितच दिसते. हरला तरी तो पुढच्या वर्षी येतो. आमच्याकडच्या शंकरपटात बैलजोडी घेऊन येणारा शेतकरी बक्षिसाच्या रकमेचा आणि चारा-पेंडीचा हिशेब कधी मांडत नाही. मांडला तर पट त्याच दिवशी बंद पडेल. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा नवा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांतही ही हौस मेली नाही, ती त्यामुळेच.

मग मामांचा प्रश्न. लढाईहून आलेल्याला हा खेळ काय देतो? याचे उत्तर मला त्याच १९४८ च्या उन्हाळ्यात सापडले. २९ जुलैला लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी कण्याला इजा झालेल्या सोळा माजी सैनिकांना चाकाच्या खुर्चीत बसवून तिरंदाजीची स्पर्धा घेतली. औषधाइतकाच खेळ गरजेचा, हे त्यांचे सूत्र होते. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ त्या हिरवळीत आहे.

त्या वाटेने आपलाही एक जवान गेला. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर फौजेत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यांनी पाण्याचा आधार घेतला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्तशैली जलतरणात सुवर्णपदक मिळवले. वैयक्तिक स्पर्धेतले ते भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मात्र २०१८ मध्ये मिळाली. मधली सेहेचाळीस वर्षे आपण सगळे कुठे होतो, हा प्रश्न मी मलाच विचारतो, कारण मामांच्या बाबतीतही मी तेच केले.

गेझला धडधाकट शरीर उरले होते, पेटकरांना नाही. तरीही मला दोघांत एक धागा दिसतो. लढाईत धोका असतो पण नियम नसतात. समोरचा कोण हे ठाऊक नसते आणि शेजारचा संध्याकाळी जेवायला असेल की नाही हेही. खेळात अंतर मोजलेले असते, सुरुवातीची खूण असते, शेवटची असते. हरलेला माणूस जिवंत राहतो आणि जिंकलेल्याच्या पाठीवर थाप मारतो. ज्याने धाकटा भाऊ आकाशात गमावला, त्याला त्याच जमिनीवर पुन्हा वेगाने जावेसे वाटणे हा वेडेपणा नव्हे. वेगातून मृत्यू वजा करून पाहण्याची ती धडपड असावी. ती प्रत्येक वेळी साधते असे नाही. लेक्स डेव्हिसन १९६५ मध्ये सँडाउन इथे गाडी चालवतानाच गेला. पुढे पहिली पत्नी के वारल्यावर गेझने लेक्सची विधवा डायना हिच्याशी १९७७ मध्ये लग्न केले आणि तो मायदेशी स्थिरावला. मित्राचे घर त्याने आपले मानले. शर्यतीने त्याला शेवटी चषक दिला नाही, गोतावळा दिला.

गुडवूडच्या शर्यती १९६६ मध्ये थांबल्या. बत्तीस वर्षांनी, पुन्हा १८ सप्टेंबरलाच, १९९८ मध्ये जुन्या गाड्यांची शर्यत घेऊन तो मार्ग परत खुला झाला. आजही तिथे सप्टेंबरात जुन्या मोटारी धावतात आणि त्यांच्यावरून स्पिटफायर उडते. टोनी गेझ २९ जुलै २०१३ रोजी त्र्याण्णवाव्या वर्षी गेला. जो मार्ग त्याच्या एका प्रश्नातून झाला, तो त्याची आठवण ठेवायला पुरेसा आहे.

मामांच्या नावाने कुठलाही मार्ग नाही. शाळेच्या त्या मैदानावर आता वर्गखोल्या झाल्या आहेत. आमच्या घरात सहा तांबे आहेत. झाकणाजवळ कोरलेले साल अजून वाचता येते. गेल्या सतरा सप्टेंबरला झेंडावंदनाहून आल्यावर मी भाच्याला घरामागच्या वावरात नेले, मामांची येझदी चालू केली आणि बांधापासून बांधापर्यंत ती जितकी हळू नेता येईल तितकी नेऊन दाखवली. दहा हातांत माझा पाय टेकला. पोरगा हसला आणि म्हणाला, "आजोबांना कसं जमायचं?"

मी त्याला मामांची सगळी गोष्ट सांगायला बसलो. तेव्हा लक्षात आले की लढाईचा भाग मला ठाऊकच नाही. मग मी त्याला क्लचपासून सांगायला सुरुवात केली.