अर्धी संपत्ती नको, बाजार दाखवा

रमजानमध्ये रोजा सोडताना पहिला हात जातो तो खजुराकडे. मदिना शहरातील खजुराच्या बागांशी परस्पर सहकार्याची एक जुनी हकिकत जोडलेली आहे.

इ. स. 622 मध्ये पैगंबर हजरत मुहम्मद (स.) आणि त्यांचे अनुयायी मक्का सोडून मदिनेला आले. या स्थलांतराला हिजरत म्हणतात. आलेल्यांना ‘मुहाजिर’ आणि त्यांना आसरा देणाऱ्या मदिनेकरांना ‘अन्सार’, म्हणजे मदतनीस, असे नाव पडले. अनेक मुहाजिरांची घरे, मालमत्ता मक्केतच राहिली होती. मक्का म्हणजे नापीक दरी, तिथली माणसे व्यापारावर जगणारी. मदिनेचे अन्सार मात्र शेतकरी. आता या पाहुण्यांनी पोट कसे भरायचे?

पैगंबरांनी एकेका मुहाजिराचे एकेका अन्सारशी भावाचे नाते जोडून दिले. यालाच ‘मुआखात’ म्हणतात. अन्सार मोठ्या मनाचे. ‘आमच्या बागा निम्म्या वाटून द्या,’ असे ते म्हणाले. पैगंबरांनी नकार दिला. मग तोडगा निघाला, तो आपल्याकडच्या बटईसारखा: झाडे अन्सारांचीच राहतील, मुहाजिर बागेत मेहनत करतील आणि पीक दोघे वाटून घेतील. खजुराची नर व मादी झाडे वेगळी असतात. फळ चांगले धरावे म्हणून नराचा फुलोरा हाताने मादीच्या फुलोऱ्यात घालावा लागतो. पाणी देणे, उंच झाडावर चढून घड उतरवणे ही कामे वेगळीच. अशा बागेला कष्टाचे हात हवेच असतात. म्हणजे गरज एकाच बाजूची नव्हती.

हजरत सअद बिन रबीअ हे धनवान अन्सार. त्यांनी आपले मुहाजिर भाऊ हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांना अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुवा दिली आणि एवढेच विचारले, ‘इथे बाजार कुठे भरतो?’ त्यांना बनू कैनुका या ज्यू कबिल्याचा बाजार दाखवण्यात आला. तिथे त्यांनी तूप आणि सुकवलेल्या दह्याचा व्यापार सुरू केला. काही दिवसांतच ते स्वतःच्या कमाईवर लग्न करण्याइतके सावरले. पुढे मदिनेच्या मोठ्या व्यापाऱ्यांत त्यांची गणना झाली. भावाने हात पुढे केला, दुसऱ्या धर्माच्या लोकांच्या बाजारात जागा मिळाली आणि कष्ट त्यांचे स्वतःचे होते. या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून त्यांचा संसार उभा राहिला.

रमजानचे रोजे फर्ज, म्हणजे अनिवार्य, झाले ते हिजरी सन 2 मध्ये, याच मदिनेत. पुढे हिजरी सन 7 मध्ये, खैबरच्या मोहिमेनंतर मुहाजिरांची परिस्थिती सुधारली. तेव्हा अन्सारांनी फळे खाण्यासाठी दिलेली खजुराची झाडे त्यांनी परत केली.

आज रमजानमध्ये गल्लोगल्ली धान्याची पाकिटे वाटली जातात. ती हवीतच, भुकेला थांबता येत नाही. पण पाकीट महिनाभर पुरते. हातगाडीसाठी थोडे भांडवल, शिलाई मशीन, ओळखीच्या दुकानात काम, बाजारात बसायला जागा यांतले काही मिळाले, तर पुढच्या रमजानमध्ये तेच घर कुणा दुसऱ्याच्या मदतीला उभे राहू शकते. सअद यांचे औदार्य मोठेच होते. अब्दुर्रहमान यांचा प्रश्नही तितकाच मोलाचा होता.