रंग नको, बोअर मारा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दुपारी बाराच्या सुमाराला दूधवाल्यांच्या गाड्या यायला लागतात. सकाळचा रतीब घालून झालेला असतो आणि संध्याकाळच्या धारेला अजून चार-पाच तास असतात. तेवढ्यात केबल बदलायची, ब्रेक लायनर बसवायचे, चेन ताणून घ्यायची आणि गाव गाठायचं. करवीर तालुक्यातून आलेली ‘एमएच 09’ पाटीची हिरो होंडा सीडी 100 मात्र किरकोळ कामाला आलेली नाही. मागे दोन्ही बाजूंना कॅन अडकवायची लोखंडी चौकट, गुडघे घासून पत्रा उघडा पडलेली टाकी, आणि किक मारली की सायलेन्सरमधून निळसर धूर.

“मेस्त्री, लई धूर मारतीया. आन् तेल बी पितीया.”

“कवा मारती? चालू केल्या केल्या, का चढाला?”

“चढाला. कॅन भरलं असलं की जास्तच.”

मेस्त्रींनी अजून पान्याला हात लावलेला नाही, पण निम्मं निदान झालं आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना भसकन धूर टाकते आणि मग निवळते, तेव्हा संशय व्हॉल्व्हच्या सीलवर जातो. ओझं पडल्यावर धूर वाढतो, तेव्हा पिस्टनच्या रिंगा आणि त्या ज्यात खालीवर होतात तो ब्लॉक झिजलेला असतो. पुढचा प्रश्न खर्चाचा. हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन, ब्लॉक आणि हेड एवढंच काम, की फुल इंजिन, म्हणजे क्रँक, बेअरिंग, गिअर सगळंच खोलायचं? मेस्त्री किक हाताने दाबून बघतात, इंजिन चालू करून खालच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवतात आणि त्याची मूठ कानाला लावतात. खालून खडखड येत नाही. हाफ इंजिन.

हीच गाडी का टिकवायची, हे गाडीच्या मालकाला, आप्पांना, कुणी विचारलं नाही. उद्यमनगरात तो प्रश्न पडतच नाही. एके काळी दूधवाल्याची गाडी म्हणजे राजदूत. 1962 साली एस्कॉर्ट्सने पोलंडच्या आराखड्यावरून काढलेली, 173 सीसीची, टू-स्ट्रोक, वजन ओढायला राक्षस. पण पेट्रोलही राक्षसासारखं खाणारी. हिरो होंडा कंपनी 1984 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सीडी 100 बाजारात आली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही आणि लिटरला मिळणारं अंतर राजदूतवाल्याला खोटं वाटावं असं. दुधाच्या धंद्यात सुटणारा पैसा आधीच बारीक असतो. तिथे हा हिशेब निर्णायक ठरला.

आज ती उपयोगी पडते ते आणखी एका कारणाने, आणि जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींच्या ते सहसा लक्षात येत नाही. सीडी 100 चा सिलिंडर 50 मिलिमीटर व्यासाचा आणि पिस्टनची धाव 49.5 मिलिमीटर. गुणाकार करून पाहिला तर 97.2 सीसी येतात. 1994 मध्ये आलेल्या स्प्लेंडरचं मापही हेच. 2011 मध्ये होंडाशी फारकत घेऊन कंपनी हिरो मोटोकॉर्प झाली, तरी स्प्लेंडर प्लसमध्ये ते तसंच राहिलं. आजच्या स्प्लेंडरचा प्रत्येक भाग जुन्या सीडीला बसत नाही, हे खरं. पण रिंगा, क्लच प्लेटा, केबली, लायनर यांसाठी पुण्या-मुंबईला माणूस धाडावा लागत नाही. बाजारगावातल्या दुकानातही ते मिळतात. हौसेने जुनी येझ्दी जपणाऱ्याला एका भागासाठी महिनाभर वाट पाहणं परवडतं. दूधवाल्याला ते एका सकाळपुरतंही परवडत नाही.

म्हणून कामाची आखणी वेळेभोवती होते. इंजिनासाठी एक सलग दिवस. त्या दिवसापुरता आप्पांचा पुतण्या आपल्या स्कूटरवरून रतीब घालणार. बाकीची कामं नंतर, एकेका दुपारी.

हेड उतरल्यावर पिस्टनचा माथा दिसतो, काळा आणि खरखरीत. ब्लॉक बाहेर काढून मेस्त्री त्यात बोट फिरवतात. वरच्या कडेजवळ नखाला एक पायरी लागते. रिंग जिथून परत फिरते तिथे झीज सगळ्यात जास्त आणि त्याच्या वर, रिंग पोचतच नाही तिथे, मूळ माप शाबूत. त्या दोहोंमधली ही पायरी. लेथवाल्याकडे बोअर गेज लावल्यावर दुसरी गोष्ट कळते. भोक गोल राहिलेलं नाही, किंचित लांबट झालंय. खाली येताना पिस्टन एका भिंतीवर रेटला जातो, त्यामुळे ती भिंत जास्त खाल्ली जाते. हा सगळा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजायचा.

पिस्टन मूळ मापापेक्षा पाव-पाव मिलिमीटरने वाढत्या मापांत मिळतात: 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00. हा ब्लॉक पूर्वी एकदा बोअर झालेला, म्हणजे आतून कातून मोठा केलेला आहे. जुन्या पिस्टनच्या माथ्यावरचा कोळसा खरवडल्यावर 0.25 चा आकडा दिसला. आता 0.50. नियम असा की आधी नवा पिस्टन लेथवाल्याच्या हातात द्यायचा आणि मग त्याने त्या पिस्टनचं माप घेऊन बोअर मारायचा. पुडक्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवला तर नकली पिस्टन दगा देतो. शेवटी होनिंग. आतल्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढल्या जातात. भिंत आरशासारखी गुळगुळीत ठेवली तर तेल धरून राहत नाही आणि नव्या रिंगा बसत नाहीत. उद्यमनगरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. शेताला पाणी पाजणाऱ्या ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून इथल्या लेथवाल्यांच्या हाताला बोअर करायची सवय आहे.

इकडे व्हॉल्व्ह बसवण्याचं काम मेस्त्रींच्या हाताखालचा पोरगा करतो. कडेला पेस्ट लावून व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर ठेवायचा आणि त्याची काठी दोन तळहातांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची. सगळीकडे सारखा करडा पट्टा उमटेपर्यंत. मग हेड उलटं करून पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओततात. झिरपलं तर पुन्हा घुसळायचं. या हेडला ते दोनदा करावं लागलं.

आप्पांना ठाऊक नसलेला एक भाग इंजिनात आहे. या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नाही. क्रँकसोबत गरगर फिरणारी एक डबी आहे, तेलातला जड गाळ तिच्या कडेला फेकला जाऊन चिकटतो. साइड कव्हर काढून, तिच्या झाकणाचे तीन स्क्रू सोडवल्याशिवाय ती दिसत नाही, म्हणून रस्त्याकडेला तेल बदलणारे तिच्या वाटेला जात नाहीत. इथे ती उघडली तर आत काळ्या मलमाचा जाड थर. इतकी वर्षं नवं तेल ओतलं जायचं ते या थरावरून फिरत होतं. नवा पिस्टन टाकून ही डबी तशीच ठेवणारे मेस्त्रीही असतात. अशी गाडी वर्षभरात पुन्हा दारात उभी राहते.

दूध पाण्यापेक्षा थोडं जड, लिटरला साधारण 1.03 किलो. दोन बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन आणि मधे एक, म्हणजे साठ लिटर. कॅनांचं वजन धरून सत्तर किलोच्या पुढे जातं. मागे एक माणूस कायमचा बसवला म्हणा, पण माणूस वळणाला अंग सावरतो. अर्धा रिकामा झालेला कॅन उलट हेलकावतो. याचा मार बसतो मागच्या चाकाच्या स्पोकवर, शॉकॲब्सॉर्बरवर आणि स्विंग आर्मच्या बुशवर. त्यामुळे आप्पांच्या गाडीत सगळ्यात जास्त नवं सामान मागच्या चाकात गेलं. जाड स्पोक, नवे बेअरिंग, नवे लायनर, कडक स्प्रिंगचे शॉक. रिमवरचा गंज कडेला होता तो घासून सोडून दिला. स्पोकच्या भोकांपाशी असता तर रिमच बदलावी लागली असती. चेनला दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकणारं मूळचं पत्र्याचं कव्हर आहे. हौशी पोरं ते काढून फेकतात. उसाच्या पाचटातून आणि पावसाळी चिखलातून जाणाऱ्या गाडीला त्याच्याइतका फायद्याचा दुसरा पत्रा नाही. ते ठोकून सरळ केलं आणि परत बसवलं.

रंगाचा विषय पोराने काढला. स्टिकर मिळतात, टाकी नव्यासारखी करून देतो.

“रंग नगो बाबा. नवी दिसली की पोरं मागत्यात.”

विनोद बाजूला ठेवला तरी निर्णय शहाणपणाचा होता. जुन्या गाडीचा जीर्णोद्धार म्हटलं की डोळ्यांपुढे चकचकीत क्रोम आणि मूळ रंगछटा येते. कायद्यानेही त्या दुनियेला वेगळं दालन दिलंय. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला किंवा दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. रतीबाच्या गाडीचं गणित उलटं. तिचा दिसणारा भाग जुना राहिला तरी चालतो, फिरणारा भाग नवा हवा. कॅनच्या कड्या आठवडाभरात जो रंग खरवडणार, त्यावर पैसे घालणं ही निव्वळ चैन.

टाकी आतून मात्र धुतली. तळाशी गंजाचा चुरा होता. कार्बोरेटरचे रबरी ओरिंग, फ्लोटची सुई आणि पेट्रोलची नळी सरसकट बदलली. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि या गाडीच्या काळातलं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. आप्पांचा ऊस ज्या कारखान्यांकडे जातो त्यांतले काही इथेनॉलही गाळतात. त्यामुळे तक्रार करायची तरी कुणाकडे?

कागदांचं काम आप्पांनी आधीच उरकलं होतं. खाजगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते, त्यानंतर दर 5 वर्षांनी आरटीओला दाखवून नूतनीकरण करायचं आणि पर्यावरण कर भरायचा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरपाटीही सक्तीची. हाफ इंजिनाचा इथे एक फायदा. इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो. ब्लॉक कितीही वेळा बोअर केला तरी त्याला धक्का लागत नाही.

इंजिनाच्या दिवशीच संध्याकाळी जोडणी. फ्लायव्हीलवरची ‘टी’ अक्षराची खूण आणि वरच्या टायमिंग चाकावरची गोल खूण आपापल्या जागी आणून चेन चढवायची. एक दात इकडेतिकडे झाला तर गाडी सुरू होते, पण ओढत नाही. टॅपेट मेस्त्रींनी किंचित सैल ठेवले. टकटक ऐकून आप्पांचा चेहरा पडला.

“आवाज करणारा टॅपेट बरा. गप बसलेला व्हॉल्व्ह जाळतो.”

चौथ्या किकला इंजिन लागलं. जोडताना लावलेलं तेल जळून दोन मिनिटं पांढरा धूर निघाला, मग थांबला. हेडलाइट थेट मॅग्नेटच्या कॉइलवर असल्याने इंजिन मंद ठेवलं की उजेडही मंद होत होता. ते तसंच राहणार, त्यावर इलाज करायचा नाही असं ठरलं.

वाद झाला तो ओझ्यावरून. चाळीसच्या वर पळवायची नाही आणि आठवडाभर एकच कॅन, असं मेस्त्रींचं म्हणणं. गिऱ्हाईक थांबतंय व्हय, असं आप्पांचं. तडजोड झाली: बाजूचे दोन कॅन निम्मे भरायचे, उरलेलं दूध पुतण्याच्या स्कूटरवर. रोज दोन फेऱ्या, एकेक साधारण पस्तीस किलोमीटरची, म्हणजे आठवड्यात पाचशेच्या आसपास होतील. तेव्हा गाडी थंड असताना आणायची. हेडचे नट, टॅपेट, तेल, आणि त्याच दुपारी पुढच्या फोर्कचे ऑइल सील, कारण डावीकडचा पुसून ठेवल्यावरही तासाभरात परत ओला झाला होता.