भुकटीचे जेवण आणि शरीरातला दाह

चुलीपासून सुटका व्हावी, हे माणसाचे जुने स्वप्न आहे. १९५९ साली अमेरिकेतील मीड जॉन्सन कंपनीने ‘मेट्रेकल’ नावाची भुकटी बाजारात आणली. दिवसभरात तिच्या ९०० कॅलरी घ्यायच्या, दुसरे काही खायचे नाही आणि वजन उतरवायचे, अशी ती योजना. २०१३ मध्ये ‘सॉयलेंट’ची कल्पना पुढे आली, तिने वजनापेक्षा वेळ वाचवण्याची भाषा केली. आता असे डबे आपल्या वसतिगृहाच्या खोल्यांतही दिसतात. ‘याने शरीरातला दाह कमी होतो,’ असेही कानावर येते. मी कलाशाखेचा विद्यार्थी. पण रोज पोटात जाणाऱ्या वस्तूविषयी प्रश्न विचारण्यास विज्ञानशाखेचा दाखला लागत नाही.

प्रथम दाह म्हणजे काय, ते पाहू. बोटात काटा मोडला की बोट लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह आपला रक्षकच. काम झाले की तो शमतो. परंतु दुसराही एक दाह असतो. तो दुखत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखा वर्षानुवर्षे धुमसतो. पोटातली चरबी म्हणजे नुसता साठवलेला शिधा नव्हे. तिच्यातून इंटरल्यूकिन-६ सारखी द्रव्ये स्रवतात. ती यकृताला चेतवतात आणि यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन तयार करते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात याचा सुगावा लागला. आज त्याचे प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर हृदयविकाराचा धोका कमी आणि ३ च्या वर असेल तर अधिक, असा ठोकताळा आहे.

स्थूल माणसाचे वजन उतरले की हे प्रमाणही सहसा उतरते. भुकटीने वजन उतरले, तर दाहही कमी होईल. पण श्रेय मुख्यतः उतरलेल्या वजनाचे, डब्याचे नव्हे. मग वजन बेताचे असलेल्या निरोगी माणसाचे काय? त्याचे प्रमाण बहुधा आधीच खाली असते. ते आणखी उतरणार कोठे? शिवाय साध्या सर्दीतापानेही हा आकडा वर चढतो. तेव्हा एकाच तपासणीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे.

आता दुसरी बाजू. डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी यांतला चोथा आपल्याला पचत नाही. तो आतड्यांतील जिवाणूंचे अन्न होतो. त्यापासून ते ब्युटिरेटसारखी आम्ले बनवतात आणि ती आतड्याच्या अस्तराला पोसतात. भुकटीत चोथा किती, हे म्हणून वाचून पाहावे. काही भुकट्यांत मिश्रण एकजीव राहण्यासाठी कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजसारखे पदार्थ घालतात. २०१५ साली उंदरांवरील प्रयोगात अशा पदार्थांमुळे मंद दाह आढळला. २०२२ साली निरोगी माणसांवरील छोट्या प्रयोगात, रोज १५ ग्रॅम असे अकरा दिवस दिल्यावर, आतड्यांतील जिवाणूंची विविधता घटली. दाहाच्या खुणा मात्र ठळकपणे वाढल्या नाहीत. म्हणजे भुकटी अमृत नव्हे, तसेच विषही नव्हे.

वैद्यकीय देखरेखीखाली, ठरावीक मुदतीसाठी तिचा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. परीक्षेच्या धांदलीत उपाशी राहण्यापेक्षा एखादा पेला बराच. मला काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने. मुळातच हडकुळी असलेली माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी दोन्ही वेळचे जेवण सोडून भुकटीवर राहते, आणि ‘दाह कमी करायचा आहे’ असे कारण सांगते. विज्ञानातला एक शब्द उपासमारीला प्रतिष्ठा देतो, तो असा. तिच्यापुरते तरी उत्तर स्पष्ट आहे: जो दाह बहुधा नाहीच, तो शमवण्यासाठी ती आपले बळ गमावत आहे. अशा मित्रमैत्रिणींना आकडे जरूर सांगावेत. पण त्याआधी त्यांना पंक्तीला बोलवावे.