लिनक्सवर प्रोग्राम लिहिण्याचीं साधनें

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबविली, आणि अनेक घरांत एक प्रश्न उभा राहिला. यंत्र तर उत्तम चालतें. परंतु विंडोज ११ ला जी विशिष्ट सुरक्षा-चिप हवी ती जुन्या यंत्रांत बहुधा नसते. उमरखेडसारख्या तालुक्याच्या गांवीं संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलाच्या पालकांपुढें हा प्रश्न थेट पैशाचा होतो. नवें यंत्र घ्यावें, कीं जुन्यावरच लिनक्स बसवावें? चार जी.बी. स्मृतीचें जुनें यंत्र प्रोग्राम शिकण्यास पुरेसें आहे. मात्र त्यावरील साधनें विचारानें निवडलीं पाहिजेत.

लिनक्सचा गाभा लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहिला. परंतु त्याभोंवतींचीं कित्येक हत्यारें त्याहून जुनीं आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ मध्यें घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पांतून तीं आलीं. प्रोग्राम यंत्राच्या भाषेंत उतरविणारा जीसीसी हा कंपायलर त्यांतीलच, १९८७ चा. सी शिकणाऱ्यास त्याबाबत निवडीची फारशी चिंता नको. घोळ होतो तो एडिटर निवडतांना. एडिटरमध्यें निव्वळ साधा मजकूर लिहावयाचा असतो. पत्रें लिहिण्याच्या लिब्रेऑफिस रायटरमध्यें प्रोग्राम लिहिला तर तो सरळ अवतरणचिन्हें शोभेसाठीं वांकडीं करतो, आणि कंपायलर तेथेंच अडतो. विद्यार्थी बिचारा सी भाषेलाच दोष देत बसतो.

एडिटरांतील जुनें घराणें ‘व्हीआय’चें. तो बिल जॉय यांनीं १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत लिहिला. घरून टेलिफोनच्या तारेनें काम करावें तर पडद्यावर अक्षर उमटण्याची वाट पाहावी लागे. म्हणून एकेका अक्षराच्या आज्ञा ठरल्या. ब्रॅम मूलेनार यांचा १९९१ चा ‘व्हिम’ हा त्याचाच सुधारलेला वंशज. त्या काटकसरीमुळें जुन्या यंत्रावरहि तो चपळ चालतो. पहिल्या दिवशीं मात्र तो नवशिक्यास रडवितो: लिहावयास जावें तर अक्षरें उमटत नाहींत, आणि बाहेर पडावें तर वाट सांपडत नाहीं. एस्केप दाबून मग अपूर्णविराम, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर, एवढी वाट प्रथम पाठ करावी. तिनें न जपलेला मजकूर टाकून बाहेर पडतां येतें.

विदर्भांतील घरांना त्याचा आणखी एक गुण उपयोगी पडेल. वैशाखांत वीज जाते, जुन्या यंत्राची बॅटरी दगा देते, आणि तासाभराचें काम बुडतें. व्हिम २०० अक्षरें लिहून झालीं, अथवा ४ सेकंद हात थांबला, कीं मजकुराची नोंद शेजारच्या फाइलींत करून ठेवतो. वीज आल्यावर तीच फाइल उघडली कीं, मागील काम परत आणावें काय, असें तो स्वतःच विचारतो. ईमॅक्सहि असेंच करतो, पण ३०० अक्षरांनीं किंवा ३० सेकंदांच्या विश्रांतीनंतर.

ज्यास हें सर्व जड वाटेल त्यानें निःसंकोचपणें ‘जीनी’ घ्यावा. त्यांत एफ-९ ही कळ प्रोग्राम बांधते व एफ-५ तो चालविते, भारहि थोडा. ‘व्हीएस कोड’ हा २०१५ पासूनचा लोकप्रिय एडिटर सोयींनीं भरलेला आहे, परंतु त्याच्या पोटांत एक संपूर्ण ब्राउझर असल्यामुळें तो स्मृति फार खातो. महाविद्यालयांत सारे तो वापरतात एवढ्याच कारणानें जुन्या यंत्रावर तो लादणें शहाणपणाचें नव्हे.

मराठी मजकूर हाताळावयाचा असेल तर निराळीच कसोटी लागते. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरें फुटतात, आणि कर्सर एका ठिकाणीं दिसतो तर अक्षर दुसरीकडे पुसलें जातें. त्या कामीं जीनी किंवा ‘केट’सारखा खिडकीचा एडिटर बरा. येथें एक मौज आहे. ‘उमरखेड’ या शब्दाची लांबी सी भाषेंतील नेहमीच्या फलनास विचारली तर १८ हें उत्तर येतें, पायथॉन ६ सांगतो, आणि पाटीवर लिहिणारा ५ म्हणेल. युनिकोडमध्यें ‘खे’ची मात्रा हें वेगळें चिन्ह आहे, आणि देवनागरीचें प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतींत ३ बाइट घेतें. तिघांचेंहि गणित बरोबरच.

एडिटर ठरल्यावर जीसीसीला सर्व प्रमुख सूचना देण्याची ‘वॉल’ ही खूण नेहमीं जोडावी. निम्म्या चुका तेथेंच लक्षांत येतात. उरलेल्यांसाठीं जीडीबी आहे; तो प्रोग्राम ओळीओळीनें थांबवून चलांच्या किंमती दाखवितो. कालचें चालणारें काम आज बिघडलें तर परत मिळावें म्हणून गिट शिकावा. तोहि टॉरव्हाल्ड्स यांनींच २००५ सालीं लिहिला.

हें शिकवावयास जवळ कोणी नसेल तर आय.आय.टी. मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स व सी भाषेवरील लहान लहान पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. पाठ एका खिडकींत व एडिटर दुसऱ्या खिडकींत उघडा ठेवून, निवेदक जें टंकतो तें तेथल्या तेथें टंकीत जावें. नुसते पाहून हात वळत नाहीं.