ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत : पिप्पलीचा एक अनुभव

त्रिकटू, सितोपलादी, चौसष्ट प्रहरी पिंपळी एवढ्या तीनच कल्पांचा विचार केला, तरी लहानशा फार्मसीलाही वर्षभर पिप्पली लागते. बाजारातील दरांचे चढउतार व मालातील भेसळ यांना कंटाळून तीन वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून पिप्पलीचे चारशे वेल आणून सावलीत लावले. वेल जोमाने वाढले, बारीक लांबट कणसेही आली; परंतु ती वाळून गळून पडत. दोष मी प्रथम जमिनीला दिला, मग पाण्याला आणि शेवटी रोगाला. ऊतिसंवर्धनाने, म्हणजे व्यवहारातल्या टिश्यू कल्चरने, निरोगी रोपे मिळतात असे वाचनात आल्यावर एका प्रयोगशाळेच्या तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणवर्गात नाव नोंदविले आणि जाताना त्याच वेलांचे तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून नेले.

तेथील शिक्षिकाबाईंनी तुकड्यांबरोबर आलेले कणीस उचलून पाहिले. "डॉक्टर, हा नर वेल आहे. मादी वेल कोठे आहे?"

पिप्पलीची नर व मादी फुले निरनिराळ्या वेलांवर येतात. नराचे कणीस बारीक व लांब, मादीचे आखूड व जाड. आपण औषधात योजतो ती पिप्पली मादी वेलाचीच. द्रव्यगुणात मी वाळलेल्या पिप्पलीचे रस-वीर्य-विपाक पाठ केले होते; ओला वेल नर की मादी हे पाहण्याचा प्रसंग वीस वर्षांच्या व्यवसायात आला नव्हता. रोपवाटिकेने बहुधा एकाच जोमदार नर वेलाची छाटणी करून चारशे रोपे केली असावीत. पिंपळमूळ तेवढे पदरात पडले. मी नेलेल्या तुकड्यांपासून प्रयोगशाळेने आणखी चार हजार नर वेल बिनतक्रार करून दिले असते!

मादी वेल मिळवून पुन्हा आरंभ केला. पानाच्या बेचक्यातील डोळ्यासह खोडाचा तुकडा घ्यायचा, वाहत्या पाण्याखाली धुवायचा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये क्षणभर आणि ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइडमध्ये काही मिनिटे बुडवून निर्जंतुक पाण्याने अनेकदा धुवायचा. (पाऱ्याचा हा क्षार रसशास्त्र शिकलेल्यास परका नाही, उरलेले द्रावण मोरीत ओतण्यास मात्र सक्त मनाई असते.) नंतर लॅमिनार एअरफ्लोच्या शुद्ध हवेत तो तुकडा मुराशिगे व स्कूग यांनी १९६२ मध्ये सिद्ध केलेल्या माध्यमावर ठेवायचा. त्यात खनिज क्षार, जीवनसत्त्वे, ३ टक्के साखर आणि घट्टपणासाठी अगर असते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला ते निर्जंतुक केलेले असते. माझ्या पहिल्या चोवीस बाटल्यांपैकी सतरांत चौथ्या दिवशी बुरशी दिसली. जमिनीलगत पसरणाऱ्या वेलावर मातीतले जंतू फार असतात, आणि माझा हातही सराईत नव्हता.

स्कूग व मिलर यांनी १९५७ मध्ये दाखविलेला नियम येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळाला: सायटोकायनिन अधिक असेल तर फुटवे, ऑक्सिन अधिक असेल तर मुळे. सुश्रुतांनी गर्भधारणेसाठी सांगितलेल्या ऋतू, क्षेत्र, अंबु व बीज या चारांपैकी पहिली तीन प्रयोगशाळा पुरविते, असे माझ्या मनात आले. बीज आपण आणावयाचे.

डोळ्यापासून आलेली रोपे सामान्यतः मातृवेलासारखीच असतात. पेशींचा अव्यवस्थित गोळा, म्हणजे कॅलस, करून त्यातून रोपे काढल्यास मात्र भिन्नता शिरू शकते. लार्किन व स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये या भिन्नतेला सोमाक्लोनल व्हेरिएशन असे नाव दिले. नवी जात शोधणाऱ्या पैदासकाराला ती हवीच असते. एकसारखा कच्चा माल हवा असलेल्या फार्मसीला ती संकटात टाकते.

पैदासीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोत्र्याच्या परागकोशांपासून गुणसूत्रांचा एकच संच असलेले भ्रूण मिळविले. अशा रोपाची गुणसूत्रे कोल्चिसीनने दुप्पट केली की, एरवी कित्येक पिढ्यांनी मिळणारा शुद्ध वाण एकदम हाती येतो. हे कोल्चिसीन आपल्या कळलावीतही असते. धत्तूर आणि लांगली, दोन्ही आपली उपविषे!

फार्मसीधारक बंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते की, टिश्यू कल्चरची रोपे घेताना मातृवनस्पती कोणती, ती कोणी ओळखली आणि रोपे डोळ्यापासून केली की कॅलसपासून, हे लेखी मागावे. पिप्पलीच्या बाबतीत मातृवेलाचे कणीस स्वतः पाहावे. केरळ कृषी विद्यापीठाच्या 'विश्वम्'सारखी निवड केलेली जात उपलब्ध असेल तर अज्ञात वेलापेक्षा तीच बरी.

बाटलीतून बाहेर काढलेल्या रोपांना कोरडी हवा सोसत नाही. आठवडे-दोन आठवडे प्लॅस्टिकच्या पिशवीखाली ठेवून त्यांना हळूहळू सरावावे लागते. माझ्या अकरा रोपांपैकी चार येथेच गेली. उरलेली सात परसातील जाळीखाली आहेत, आणि ज्या वेलापासून ती झाली त्याला मी कणीस पाहूनच पत्र्याचा बिल्ला बांधला आहे.