पैसे भरलेलं गाणं पेन ड्राइव्हवर का जात नाही?



हळदीकुंकवाचे दिवस आले की आम्हाला एकच प्रश्न येतो. विचारणारी उल्हासनगरच्या कॅम्पातली असो, अंबरनाथची असो, की बदलापूरच्या पुढे बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. ॲपला दर महिन्याला पैसे भरते, गाणी डाऊनलोडही केलीत, मग ती पेन ड्राइव्हवर घालून गटाच्या स्पीकरला का लावता येत नाहीत?

कारण ते गाणं तुम्ही विकत घेतलेलंच नाही. घेतली ती ऐकायची परवानगी. ॲप गाणं फोनमध्ये उतरवतं ते कुलूप लावून, आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतं. भाड्याची खोलीच ती! भाडं थांबलं की सामान बाहेर. स्पॉटिफायला तर पैसे भरलेले असले तरी ३० दिवसांतून एकदा इंटरनेट दाखवावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी गप्प बसतात. एअरटेलने २०२४ साली विंक म्युझिक बंद करायचं जाहीर केलं. आता ॲपच गेलं, तर त्यात जमवलेली गाणी कुठे वाजवणार?

खरोखर विकत मिळणारं गाणं वेगळं. फ्लिपकार्टने २०१२ साली फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं. तिथे गाणं कुलपाशिवाय, एमपी-थ्री फाइल म्हणून मिळे. २०१३ मध्ये दुकान बंद पडलं, पण ज्यांनी फाइल जपली त्यांचं गाणं आजही वाजतं. ॲपलच्या आयट्यून्सनेही गाण्यांवरचं कुलूप २००९ मध्ये काढलं. फक्त तिथली फाइल वेगळ्या प्रकारची असते आणि स्वस्तातले स्पीकर ती ओळखत नाहीत. कॉम्प्युटरवर तिची एमपी-थ्री करून घ्यायची. यात कुलूप तोडणं नाही, पिशवी बदलली इतकंच.

कुणी म्हणेल, "द्या ताई, कुलूप काढून देतो." नको. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ आलं. दुसऱ्याचा हक्क डावलण्याच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडही आहे. आणि मेमरी कार्डात हजार गाणी भरून मिळतात ना, ती तर सरळ चोरीचीच. पैसे दुकानदाराला, गाणाऱ्या बाईला छदाम नाही.

मग कार्यक्रमाचं काय? फाइल नेऊ नका, आवाज न्या. फोन ब्लूटूथने किंवा वायरने स्पीकरला जोडा, कुलूपबंद गाणंही वाजेल. वायरच बरी, ब्लूटूथ ऐन वेळी दुसऱ्याच फोनला जाऊन चिकटतं. बऱ्याच नव्या फोनना वायरचं गोल भोक नसतं, त्यासाठी चार्जिंगच्या जागी लावायची छोटी पिन मिळते. पाड्यावर रेंज नसेल तर घरूनच गाणी उतरवा, इंटरनेट चालू ठेवून ॲप एकदा उघडा, मग फोन फ्लाइट मोडवर टाकून दोन गाणी वाजवून बघा. वाजली तर तिथेही वाजतील, आणि मध्येच कुणाचा फोनही येणार नाही. मात्र ॲपची परवानगी खासगी ऐकण्यापुरती असते. तिकीट लावून कार्यक्रम करणार असाल तर वेगळा परवाना लागू शकतो, तो आधी विचारून घ्या.

गटाच्या पैशांतून गाणी घ्यायची ठरली, तर दुकानदाराला आधी एवढंच विचारा: "फाइल हातात मिळणार, की नुसती ॲपमध्ये दिसणार?"