तळ्यातल्या गणपतीचे तळे

पुण्यात पाहुणा आला म्हणजे त्याला सायंकाळी कोठे न्यावयाचे, हा प्रश्न बहुतेक घरांत कधीच सुटलेला असतो. आधी पर्वती, मग तळ्यातला गणपती, आणि बरोबर मुले असल्यास बागेबाहेरची भेळ. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना पाहुण्याला धाप लागते व यजमान, आपणांस जणू नित्याचाच परिपाठ आहे अशा आविर्भावाने, चार पायऱ्या पुढे जाऊन थांबतो. माथ्यावर पोचताच नैर्ऋत्येकडील सिंहगड दाखविण्यात येतो. देवदेवेश्वराचे हे देवालय नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास उभारले. पानिपतच्या आघाताने खचलेल्या त्याच नानासाहेबांनी १७६१ च्या जून महिन्यात येथेच देह ठेवला. खडकीचे रण दुसऱ्या बाजीरावांनी १८१७ साली येथूनच पाहिले. हा इतिहास यजमानाला मुखोद्गत असतो. परंतु खाली उतरून गणपतीसमोर हात जोडल्यावर एखादा चौकस पाहुणा विचारतो, "तळ्यातला गणपती म्हणता, मग तळे कोठे आहे?" येथे मात्र यजमानाची गाडी अडते.

तळे खरोखरच होते. आज जेथे सारसबागेची हिरवळ पसरली आहे, तो सारा खोलगट भाग पाण्याखाली असे. नानासाहेबांच्या कारकीर्दीत पर्वतीच्या पायथ्याशी हे तळे करविण्यात आले आणि मध्यभागी एक बेट राखण्यात आले. त्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, गणपतीची स्थापना झाली. पुढे तळे आटले, बुजले, आणि विसाव्या शतकात त्या जागी बाग झाली. देवळाभोवती कमळे फुलणारे जे थोडे पाणी दिसते, तेवढीच त्या तळ्याची खूण. थंडीच्या दिवसांत या गजाननास लोकरीचा स्वेटर व कानटोपी घालतात. ते पाहण्यासाठी तर पुणेकर मुद्दाम वाट वाकडी करून येतात.

तळ्यात पाणी येई ते आंबील ओढ्याचे. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा पूर्वी वस्तीतून वाहत जाऊन मुठेस मिळत असे. शहर वाढू लागले, नव्या पेठांस जागा हवी झाली, तेव्हा पर्वतीपाशी त्याला अडवून पश्चिमेकडे वळविण्यात आले. आज तो दांडेकर पुलाखालून जाऊन मुठेला मिळतो. याच ओढ्यावर वरच्या अंगास, कात्रज येथे, बांध घालून पेशव्यांनी पाणी साठविले आणि चुन्यात बांधलेल्या दगडी नळाने ते जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत आणले. हा नळ माणूस आत उभा राहून चालू शकेल एवढा उंच आहे. पाणी ओढण्यास कोणतेही यंत्र नव्हते. कात्रज उंचावर, पुणे सखल, एवढ्या भांडवलावर सारे काम चाले. वाटेत ठिकठिकाणी 'उच्छ्वास' ठेवलेले होते. उच्छ्वास म्हणजे नळाला श्वास घेता यावा म्हणून जमिनीवर काढलेले दगडी धुराडेच म्हणा ना! त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, आणि तळाशी बसलेला गाळही तेथूनच उतरून काढता येई. खडकवासल्याचे पाणी घरोघर येऊ लागल्यावर हौदांचे महत्त्व ओसरले.

ओढा मात्र राहिला, आणि लोक त्याला विसरले. त्याच्या काठावर घरे आली, मग काठाच्या आत भिंती आल्या. पात्र वर्षानुवर्षे आकसत गेले. बारा महिन्यांपैकी दहा महिने तो एखाद्या घाणेरड्या गटारासारखा दिसतो, त्यामुळे त्याच्याकडे नाक धरून पाहण्याची सवय जडली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूस मुसळधार पाऊस झाला. अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत काही तासांतच ओढ्याचे पाणी घरांत शिरले. भिंती कोसळल्या, मोटारी खेळण्यांसारख्या वाहून गेल्या. शहर व आसपासचा प्रदेश मिळून वीसाहून अधिक माणसे त्या रात्रीच्या प्रलयात दगावली. अनेकांना तर आपल्या दारावरून एक ओढा वाहतो, हे त्याच रात्री कळले.

म्हणून पाहुण्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे असल्यास यजमानाने त्याला पुन्हा एकदा पर्वतीवर न्यावे. १०३ पायऱ्या दुसऱ्यांदा चढण्याची तयारी असली तर! या वेळी सिंहगड राहू द्यावा. दक्षिणेस कात्रजचा डोंगर दाखवावा, तेथून घरांच्या दाटीतून वाट काढीत येणारी ओढ्याची रेघ बोटाने दाखवावी, आणि मग पायथ्याच्या सारसबागेकडे वळावे. दिवे लागण्याच्या सुमारास बागेचा खोलगट भाग आधी काळोखतो. तळ्याचा काठ कोठे होता, हे तेव्हा सांगावे लागत नाही.